नऊ पुस्तिका, एक होकायंत्र

३ नोव्हेंबर, सोमवार

आज एका महत्कार्यास हात घातला. 'आपला परिसर' या नकाशा-पुस्तिकामालेचे नऊही भाग विकत आणले. प्रत्येक वस्तीस एक पुस्तिका. मधोमध घडीचा नकाशा, मागील पानांवर दवाखाने, दुकाने, बसचे नंबर. नगर म्हणजे अखेर नऊ पुस्तिकांचा विषय. महिन्याभरात उरकेल.

पार्श्वभूमी नमूद करून ठेवतो. बदलीवर येथे येऊन थोडेच दिवस झाले. २८ तारखेपर्यंत विभागप्रमुखांस कळवायचे आहे की येथे कायम राहणार, की जुन्या गावी परत जाणार. सौ.चे मत विचारले. म्हणाल्या, इथे मला कुत्रंसुद्धा ओळखत नाही, पण तुमचं काय ते तुम्ही ठरवा. म्हणजे निर्णयाधिकार माझ्याकडे आला. निर्णय पुराव्यावर घेईन, भावनेवर नव्हे.

संकल्प: कोणासही रस्ता विचारणार नाही. रस्ता विचारणारा मनुष्य परक्याच्या हाती आपली मान देतो. शाळेत भूगोलाच्या बक्षिसात मिळालेले होकायंत्र अद्याप सुस्थितीत आहे. नकाशाची वरची बाजू उत्तरेस धरली की विषय संपला. हे शेंबड्या पोरासही ठाऊक असते.

प्रत्येक पुस्तिकेस प्रस्तावना आहे. वाचली नाही. आजवर कोणत्याही ग्रंथाची वाचलेली नाही. प्रस्तावनेत लेखक एकतर आभार मानतो, नाहीतर क्षमा मागतो. दोहोंत मजकुराचा काडीचाही संबंध नसतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

प्रथम मोहीम. ऑफिसची गाडी रोज दारापासून दारापर्यंत नेते, त्यामुळे रस्त्यांचे ज्ञान शून्य राहते. आज गाडी सोडून दिली व पुस्तिका क्र. २ घेऊन पायी निघालो. उद्दिष्ट: वाचनालय, तेथून घर.

होकायंत्र काढले. नकाशा उत्तरेस लावला. नकाशानुसार उजवीकडे वाचनालय हवे होते. उजवीकडे भिंत होती. भिंतीच्या कडेने शास्त्रोक्त चालत गेलो असता एका चौकात पोचलो, जो नकाशात माझ्या पाठीमागे होता.

चौकात एक न्हावी आपल्या दुकानाच्या दारात उभा. माझ्या हातातील उघडा नकाशा त्याने पाहिला व, काय साहेब, कुठे जायचंय, असे विचारले. असल्या प्रश्नाचे उत्तर देणे म्हणजे शरणागती. मी म्हणालो, इथेच यायचे होते. मग आत जाऊन बसणे क्रमप्राप्त झाले.

दाढी सकाळीच घरी केली होती. न्हावी गालावरून हात फिरवून म्हणाला, साहेब, काढू तरी काय? म्हटले, असेल ते काढा.

शेवटी त्याने सुवासिक पाणी फवारले. परत येण्यासाठी टॅक्सी केली. टॅक्सीवाल्यास पत्ता सांगणे म्हणजे रस्ता विचारणे नव्हे. ती आज्ञा असते. पत्ता ऐकून त्याने माझ्याकडे पाहिले, मग कोपऱ्यावरील इमारतीकडे पाहिले, आणि म्हणाला, काका, बसताय तोवर पोचाल. तरीही बसलो. तत्त्वाचा प्रश्न होता.

८ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी. पुस्तिका क्र. १, म्हणजे आमचीच वस्ती. गंभीर गोष्ट उघडकीस आली. या पुस्तिकेत जे डावीकडे आहे ते प्रत्यक्षात उजवीकडे आहे. बेकरी, शाळा, पोस्ट, सर्व. बुधवारच्या पुस्तिकेत जे वर होते ते बाजूला होते; येथे सरळ उलट.

एक चूक असती तर मुद्रणदोष म्हणून सोडून दिली असती. सगळेच उलट असेल तर त्यास हेतू म्हणतात.

निष्कर्ष: प्रकाशक जाणूनबुजून चुकीचे नकाशे छापतो, जेणेकरून त्रस्त नागरिक 'सुधारित आवृत्ती' घेतील. धंदेवाईक कारस्थान. माझ्यासारखा चौकस वाचक त्याने गृहीत धरलेला दिसत नाही.

शेवट पुन्हा त्याच चौकात, त्याच न्हाव्यापुढे. हा चौक दोन्ही पुस्तिकांच्या सीमेवर येतो. सीमेवर दुकान थाटणारा मनुष्य साधा नसतो. तो म्हणाला, आज पण दाढीच का? म्हटले, अर्थात.

९ नोव्हेंबर, रविवार

पुस्तकविक्रेत्यास जाब विचारला. याचा चष्मा नेहमी कपाळावर असतो, म्हणून मी यास मनात चष्मा म्हणतो. पुरावे त्याच्यासमोर पसरले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, साहेब, प्रस्तावना वाचलीत का?

पहा! आरोप नकाशावर आणि बोट प्रस्तावनेकडे. गुन्हेगार नेहमी विषयांतर करतो. चष्मासुद्धा यात सामील आहे. मी पुरावे गोळा करून बाहेर पडलो. पावले वळली ती चुकीच्या दिशेस, परंतु तो पाहत होता, म्हणून तसाच चालत राहिलो. बराच वेळ.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सौ.नी आज प्रथमच माझ्या चेहऱ्याची दखल घेतली. वाढताना म्हणाल्या, हल्ली फार गुळगुळीत दिसता. आणि हा वास कसला?

मनुष्य प्रतिष्ठित पदावर गेला की कांती येते, असे मी सांगितले. त्यांनी आमटीची वाटी जरा जोरात ठेवली. आनंदातिशयाने असावे.

ऑफिसातून उशीर का होतो, हेही विचारले. अध्ययन चालू आहे, एवढेच म्हणालो. चुकलो, असे कोणी सांगत नसते. शिवाय मी चुकलो नाही. नगर चुकले आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पुस्तिका क्र. ३. उद्दिष्ट: उद्यान. तेथील बाकावर बसून निष्कर्ष लिहिण्याचा बेत होता. नकाशातील उद्यानाच्या जागी एका दवाखान्याचे मागील अंगण निघाले. दारातील नर्स म्हणाली, काका, लाइनीत या. वाद घालणे अशोभनीय. लाइनीत गेलो. रक्तदाब उत्तम निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही त्रास होतो का? म्हटले, विश्वासघाताचा. त्यांनी झोपेची चौकशी केली.

परतीच्या वाटेवर न्हावी. आता तो विचारतही नाही. मला पाहिले की खुर्ची झटकतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

घरातच काहीतरी शिजते आहे, आणि मी स्वयंपाकाविषयी बोलत नाही.

काल पुस्तिका क्र. २ कपाटातून गायब होती. आज ती जागेवर आहे. नकाशाच्या घडीत शेंगदाण्याची टरफले सापडली. मी शेंगदाणे खात नाही. तपासांती: टरफले ताजी, म्हणजे कोणीतरी ही पुस्तिका घेऊन उघड्यावर, निवांत बसले होते. संख्येवरून पाहता एकटे नव्हते.

सौ.ना सहज विचारले, दुपारी काय करता? म्हणाल्या, काय करणार, भिंतींशी बोलते. आवाजात काहीतरी होते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

संशय दृढ. जेवताना मी पुलाचा उल्लेख केला. (पूल नकाशात आहे. प्रत्यक्षात मला अद्याप सापडलेला नाही.) सौ. भाजी वाढता वाढता म्हणाल्या, पुलाकडे अकरा नंबर जाते, पण पोस्टापाशी उतरून चालत गेलेलं बरं. आणि एकदम गप्प झाल्या.

हे यांस कसे कळले? ज्यांना येथे कुत्रंसुद्धा ओळखत नाही?

वरच्या मजल्यावरच्या बाईंची हल्ली आमच्याकडे वर्दळ वाढली आहे. या बाई गॅलरीत उभ्या राहून सगळ्या गल्लीचा हिशेब ठेवतात. मी यांना दुर्बीण म्हणतो. मी आलो की दोघी बोलायच्या थांबतात. आज दुर्बीण मला पाहून म्हणाली, काय भावजी, आज पण घाईत? आणि सौ.कडे बघून भुवई उडवली. भुवई उडवण्याजोगे काय होते, ते कळले नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सौ.बरोबर कोपऱ्यावर दूध आणायला गेलो. एक तांबूस कुत्रे धावत आले व सौ.च्या पायांशी शेपूट हलवू लागले. सौ. त्यास म्हणाल्या, आज नाही रे काही.

आज नाही! म्हणजे इतर दिवशी असते.

पुरावा क्र. ४ म्हणून कुत्र्याची नोंद केली. माझ्याकडे पाहून ते गुरगुरले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सौ. म्हणाल्या, रोज दाढी, रोज अत्तर, रोज उशीर. कुणासाठी एवढं?

स्वतःसाठी, म्हणालो. त्या हसल्या. ते हसू मला परिचित नव्हते. लग्नानंतर इतक्या वर्षांनी बायकोचे एखादे अपरिचित हसू सापडणे हे नवी गल्ली सापडण्याहून भयंकर आहे.

रात्री त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. भिंत कोणत्या दिशेस आहे, हे होकायंत्र काढून पाहावेसे वाटले. पाहिले नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज मी तेच केले, जे सुसंस्कृत गृहस्थाने करू नये. ऑफिसातून अर्धी रजा काढली. आमच्या इमारतीसमोर उभ्या असलेल्या टेंपोच्या आडोशाला उभा राहिलो. दुपारी सौ. व दुर्बीण बाहेर पडल्या. हातात पिशवी, पिशवीत शेंगदाण्याची पुडी. मी मागोमाग.

नमूद करण्याजोगी गोष्ट: नकाशाविना, होकायंत्राविना, केवळ दोन पाठींवर नजर ठेवून मी इतक्या सुलभतेने चाललो की पूर्वी कधी चाललो नव्हतो. मार्ग लक्षात ठेवण्याजोगा होता. परंतु मी पाठींकडे पाहत होतो.

त्या कोठे गेल्या? आमच्या ऑफिसच्या फाटकाशी! समोर झाडाखाली बाक आहे. त्यावर दोघी बसल्या. फाटकाकडे डोळे लावून शेंगदाणे सोलू लागल्या. मी पानाच्या ठेल्यामागे.

पाच वाजले. लोक बाहेर पडले. दोघी उठून उभ्या राहिल्या, माना उंच करून पाहत. ज्याची वाट पाहत होत्या तो आला नाही. गर्दी ओसरली. सौ. पुन्हा बाकावर बसल्या. दुर्बीण त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. सौ.नी पदराने डोळे टिपले.

तो इसम आमच्याच ऑफिसातला आहे. आणि आज तो हरामखोर आला नाही, म्हणून माझी बायको रडली.

घरी माझ्यानंतर तासाने आल्या. मी त्यांच्याआधी पोचलो, याचा अभिमान बाळगण्याची ही वेळ नव्हती. (टॅक्सी.) चहाचे आधण ठेवले होते. दोन कप काढले. एकच भरला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर ऑफिसातील पुरुषांचे निरीक्षण केले. विभागप्रमुख: टक्कल, पोट, सुपारी. शक्यता नाही. रोखपाल: दाट केस, गुणगुणण्याची सवय, आणि काल नेमका पाचच्या आधी निघून गेला होता. म्हणजे माझ्यासारखाच. त्याला विचारले, काल लवकर गेलात? म्हणाला, दाताच्या डॉक्टरकडे. दाताच्या!

याच्या दातांची व्यवस्था करण्याचा विचार क्षणभर मनात आला. परंतु मी सुसंस्कृत आहे, आणि तो उंच आहे.

निर्णय झाला. हे नगर राहण्यास अयोग्य. नकाशे खोटे, विक्रेते लबाड, रोखपाल नीच. उद्या कळवून टाकतो: आम्ही परत जाणार. संसार वाचला तर जुन्या गावीच वाचेल. तेथे निदान रस्ते जागच्या जागी आहेत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

विभागप्रमुखांस कळवले. म्हणाले, नक्की ना? कागद एकदा वर गेला की परत येत नाही. म्हटले, नक्की.

घरी येऊन सौ.ना सांगितले: सामान बांधा, परत जायचे. वाटले, पडतील पायाशी, कबुली देतील, मी क्षमा करीन. वाक्यही योजून ठेवले होते.

सौ. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, अच्छा! इथलं प्रकरण अंगाशी आलं वाटतं?

कसले प्रकरण, मी म्हणालो. प्रकरण तर तुमचे!

माझं? त्या म्हणाल्या. मी रोज दाढी करते? मी अत्तर मारते? मी सांगते अध्ययन चाललंय म्हणून? कोण आहे ती, नाव सांगा!

तो कोण, ते आधी तुम्ही सांगा, मी गरजलो. फाटकाशी कोणासाठी बसता?

त्या थबकल्या. मग म्हणाल्या, तुमच्यासाठी! आणखी कोणासाठी? तुमच्या मागे मागे फिरतो आम्ही दोघी, इतके दिवस! परवा तुम्ही बाहेरच आला नाहीत, तेव्हा म्हटलं, गेले तिच्याकडे परस्पर.

तेवढ्यात दुर्बीण आत आली. दाराशीच होती, हे उघड आहे. म्हणाली, भावजी, आता लपवू नका. त्या चौकापर्यंत आम्ही येतो. तुम्ही न्हाव्याकडे चकाचक होता आणि टॅक्सीत बसून कुठेतरी जाता. टॅक्सीला हात केलात की आम्ही घरी पळतो, म्हणून कुठे जाता तेवढंच कळत नाही.

घरी, मी म्हणालो.

कोणाच्या घरी?

आपल्या, मी म्हणालो.

सौ. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, अहो, चौकातून आपलं घर दिसतं.

मी हातातील पुस्तिका आणि खिशातले होकायंत्र टेबलावर ठेवले. सौ.नी त्या दोन वस्तूंकडे पाहिले, मग माझ्याकडे. एकाएकी सर्व त्यांच्या ध्यानात आले असावे, कारण त्या खुर्चीत बसून हसू लागल्या. ते हसू मात्र परिचित होते. तोंडावर पदर धरला तरी थांबेना. दुर्बीण म्हणाली, म्हणजे बाई नाहीच? जरा निराश झालेली दिसली.

मी एवढेच म्हणालो की नकाशे सदोष आहेत.

नंतर सौ. गंभीर झाल्या. म्हणाल्या, आणि मी येणार नाही परत. तुमच्या मागे हिंडून हिंडून मला सगळं गाव पाठ झालंय. वाचनालयात नाव घातलं, पोस्टातल्या बाई ओळखतात, दुधाच्या कोपऱ्यावर कुत्रंसुद्धा ओळखतं. तुम्हाला जायचं तर जा. स्टेशन कुठे आहे ते मी दाखवते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

विभागप्रमुखांचे घर गाठणे अनिवार्य झाले. सोमवारी कागद वर जातो. त्याआधी परतीची विनंती मागे घ्यायला हवी. त्यांची वस्ती पुस्तिका क्र. ७ मध्ये.

सौ. सोबत निघाल्या. बसथांब्यावर उतरलो. मी होकायंत्र काढले, नकाशा उत्तरेस लावला व डावीकडे वळलो. सौ. जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, इकडे द्या ते. पुस्तिका घेतली, पहिले पान उघडले आणि तेथेच, चार माणसांत, मोठ्याने वाचले:

वाचकांनी नकाशा उत्तर-दक्षिण न लावता, वस्तीच्या मुख्य बसथांब्यावर उतरून, बसथांब्याचे चिन्ह आपल्या पोटाकडे येईल असा धरावा. प्रत्येक पुस्तिका त्या वस्तीत पाऊल टाकणाऱ्याच्या नजरेने काढली आहे.

पाच-सहा शब्द जास्त असतील. एकूण प्रस्तावना एवढीच. आभारही नाहीत, क्षमाही नाही.

मी म्हणालो, ही पद्धत अशास्त्रीय आहे. सौ. म्हणाल्या, धरा पोटाकडे. धरली. समोर रस्ता होता तसाच नकाशात होता. उजवीकडे औषधाचे दुकान, तेही होते. मला क्षणभर चष्म्याची क्षमा मागावीशी वाटली. त्याची वेळ टळली, कारण सौ. पुढे निघाल्या होत्या. मी मागोमाग. या वेळी रस्ताही पाहिला.

विभागप्रमुख बनियनवर बाहेर आले. सगळे ऐकून घेतले. म्हणाले, राहताय तर राहा, कागद अजून माझ्याच टेबलावर आहे. पण माझं घर पहिल्याच वेळी सापडलं कसं? अर्धं ऑफिस चुकतं या गल्लीत.

मी म्हणालो, पद्धतशीर अध्ययन. सौ.ना ठसका लागला. विभागप्रमुखांनी त्यांना पाणी दिले.

येताना सीमेवरच्या चौकातून आलो. न्हाव्याने आम्हा दोघांना पाहिले, खुर्ची झटकली, मग सौ.ना पाहून हात आखडता घेतला व म्हणाला, वहिनी, तुम्ही आणि त्या दुसऱ्या ताई समोरच्या बाकावर बसायच्या ना? शेंगदाणे खात? मला वाटलं, साहेबांवर पाळत आहे म्हणून मी पण जपूनच वागत होतो.

सौ. म्हणाल्या, उद्यापासून येणार नाहीत हे. न्हाव्याचा चेहरा पडला. गिऱ्हाईक म्हणून मी आदर्श होतो. काढण्याजोगे काही नसताना रोज येत होतो.

३० नोव्हेंबर, रविवार

पुस्तिकांवर पुनर्विचार चालू आहे. सर्व दोष पद्धतीचा होता, माझा नव्हे, हे तटस्थपणे नमूद करतो. होकायंत्राविषयी मात्र संशय कायम आहे. बक्षीस देणाऱ्या शाळेची आर्थिक स्थिती तेव्हा बरी नव्हती.

आज दाढी घरीच केली. सौ. चहा घेऊन आल्या, निरखून पाहिले व म्हणाल्या, एका बाजूची राहिली.

कोणत्या बाजूची, मी विचारले.

म्हणाल्या, उत्तरेकडची.